धुळ्यातील प्रबंधलेखन वर्ग : सहा रविवारांचा हिशेब

पदव्युत्तर संशोधनासाठी नोंदणी झाली की विद्यार्थ्याला मार्गदर्शक मिळतो आणि मुदत मिळते. प्रबंधाची प्रकरणे कशी ठरतात, आधी काय लिहायचे आणि शेवटी काय, एखादे पान प्रबंधात का राहते आणि दुसरे का गळते, हे मात्र त्याने ग्रंथालयातले जुने प्रबंध चाळून स्वतःच शिकून घ्यावे अशी आपल्याकडची रीत आहे. मीही तसेच केले. माझी नोंदणी अहिराणी लग्नगीतांच्या अभ्यासासाठी आहे. पहिल्या दीड वर्षात मी एकशे ऐंशी पाने लिहिली. त्यांत तापी, गिरणा आणि पांझरा या नद्या होत्या, खान्देश या नावाच्या व्युत्पत्तीविषयीची मते होती, आभीर आणि अहिराणी यांच्या संबंधाची चर्चा होती, इथली पिके आणि सणवार होते. माझ्या मार्गदर्शकांनी ती पाने शांतपणे परत दिली आणि एवढेच विचारले की तुमच्या गीतांना यातले काय लागते. मला उत्तर देता आले नाही, आणि त्याच आठवड्यात एका सहकारी शिक्षिकेने धुळ्यात भरणाऱ्या प्रबंधलेखन वर्गाविषयी सांगितले.

हा वर्ग एक निवृत्त प्राध्यापक आपल्या दोन सहकाऱ्यांसह चालवतात. त्यांपैकी एक बाई ग्रंथपाल होत्या आणि दुसरे गृहस्थ अनेक वर्षे प्रबंधांचे टंकलेखन आणि मांडणी करत आले आहेत. नावाची जाहिरात होऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ती इथे लिहीत नाही. सहा रविवार, सकाळी दहा ते दुपारी चार, शुल्क अठराशे रुपये आणि त्यात दुपारचे जेवण. आमच्या तुकडीत बावीस जण होते. एम.ए.ची प्रबंधिका लिहिणारे विद्यार्थी होते, पीएच.डी.चे संशोधक होते आणि नोकरी सांभाळून शिकणारे माझ्यासारखे शिक्षक होते. मी चोपड्याहून अमळनेरमार्गे पहाटेच्या एस.टी.ने जात असे. तो प्रवास आणि ते रविवार सार्थकी लागले का, याचे उत्तर मी बहुतांशी होकारार्थी देईन. जिथे वर्ग कमी पडला तेही पुढे सांगते.

पहिला संपूर्ण रविवार एका वाक्यावर गेला. प्रत्येकाने आपला विषय फळ्यावर लिहायचा होता. मी लिहिले, ‘अहिराणी लग्नगीतांचा चिकित्सक अभ्यास’. सरांनी ते वाचले, माझ्याकडे वळले आणि अहिराणीतच विचारले, “ताई, तुले नेमकं काय इचारनं शे?” पुढच्या सहा आठवड्यांत हा प्रश्न त्यांनी आम्हा प्रत्येकाला निदान दहा वेळा विचारला असेल, आणि आज मी त्या वर्गाचे मोल त्याच प्रश्नावरून करते. त्यांचे म्हणणे असे की विषय हा प्रदेश असतो आणि संशोधनाचा प्रश्न ही त्या प्रदेशातली एक वाट असते. ज्याच्याजवळ फक्त विषय आहे तो सगळीकडे फिरतो, आणि त्याच्या प्रबंधात नद्यांपासून सणांपर्यंत सारे काही येते. माझ्या एकशे ऐंशी पानांचे याहून नेमके निदान मला कोणी सांगितले नव्हते.

प्रश्न आवळत नेण्याची त्यांची रीत साधी पण कष्टाची आहे. कुठले गाव किंवा तालुका, कुठला काळ, कोणाची माणसे, कोणती सामग्री आणि त्यातले नेमके काय, अशी एकेक बाजू पक्की करायची. माझ्या विषयाचे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत असे रूप झाले: अमळनेर तालुक्यातील साठीपुढच्या आणि तिशीच्या आतल्या स्त्रिया हळदीच्या वेळी जी गीते गातात, त्यांतील नात्यांच्या संबोधनांत काय टिकले आहे आणि काय बदलले आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलाने ‘रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांच्या समस्या’ असे लिहिले होते. त्याचा प्रश्न अखेर असा झाला, की हवामानावर आधारित फळपीक विमा घेणारे आणि न घेणारे शेतकरी यांच्यात पीककर्ज, बागेचे क्षेत्र आणि आधीच्या नुकसानीचा अनुभव यांपैकी कोणता फरक जास्त दिसतो. प्रश्न खरा आहे की नाही हे ओळखण्याची एक कसोटीही सरांनी दिली. उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते का, ते पाहा. ‘केळी उत्पादकांना समस्या आहेत का’ याचे उत्तर ‘नाही’ असे येणारच नसेल, तर सर्वेक्षण करून हाती काय लागणार?

दुसऱ्या रविवारी एक तक्ता करून घेतला. माझ्या मते सहा रविवारांतले सर्वांत उपयुक्त कागद तोच आहे. डावीकडे उद्दिष्टे, त्यापुढे प्रत्येक उद्दिष्टाचा प्रश्न, मग त्यासाठी लागणारी सामग्री, ती गोळा करण्याचे साधन, विश्लेषणाची रीत आणि शेवटच्या रकान्यात ते ज्या प्रकरणात येणार त्या प्रकरणाचा क्रमांक. एकही रकाना रिकामा राहिला तर ते उद्दिष्ट काढून टाकायचे किंवा साधन तरी बदलायचे. माझी नऊ उद्दिष्टे होती, ती तिसऱ्या वाचनात तीनवर आली. उद्दिष्टाच्या क्रियापदावर सर फार बारकाईने बोलतात. ‘अभ्यास करणे’ हे क्रियापद ते मान्य करत नाहीत, कारण तो अभ्यास केव्हा पूर्ण झाला हे कोणालाच सांगता येत नाही. तुलना करणे, वर्गीकरण करणे, मोजणे, कालक्रम लावणे, संबंध तपासणे ही क्रियापदे चालतात, कारण त्यांच्यापुढे काम दिसते. परिकल्पनेविषयीही, म्हणजे तपासण्याआधी मांडलेल्या अपेक्षित उत्तराविषयीही, त्यांनी एक गैरसमज दूर केला. दोन घटकांतील संबंध आकड्यांनी तपासायचा असेल तिथे परिकल्पना मांडावी आणि तिची कसोटी घ्यावी. गीते, मुलाखती किंवा जुनी कागदपत्रे यांवर उभ्या असलेल्या अभ्यासात ती ओढूनताणून आणली की शेवटच्या प्रकरणात ‘परिकल्पना सिद्ध झाली’ एवढेच लिहायचे उरते आणि ते कशावरून, हे कोणालाच दाखवता येत नाही.

प्रकरणांच्या रचनेबाबत मला वाटत होते की एकच नमुना सर्वांना शिकवला जाईल. तसे झाले नाही. शिक्षणशास्त्र, वाणिज्य आणि समाजशास्त्र या विषयांत रूढ असलेली पाच प्रकरणांची मांडणी, म्हणजे प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण व अर्थनिर्वचन, निष्कर्ष व शिफारशी, ही त्यांनी समजावून सांगितली. विज्ञानात बहुधा प्रत्येक प्रयोगमालेचे स्वतंत्र प्रकरण होते आणि त्याच्या पोटात पुन्हा प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे आणि चर्चा असा क्रम येतो, हेही दाखवले. भाषा आणि इतिहास या विषयांत मात्र प्रकरणे युक्तिवादाच्या टप्प्यांवरून पाडावीत असा त्यांचा आग्रह आहे. माझ्या जुन्या आराखड्यात ‘लोकगीत : संकल्पना व स्वरूप’ हे चाळीस पानी प्रकरण होते, जे आपल्या भागातल्या लोकसाहित्यावरील बहुतेक प्रबंधांत थोड्याफार फरकाने तसेच सापडते. सरांनी विचारले की या चाळीस पानांतली कोणती संकल्पना पुढे तुम्ही खरोखर वापरता. मी दोन सांगू शकले. त्या दोन संकल्पना आता पद्धतीच्या प्रकरणात सहा पानांत आल्या आहेत, आणि उरलेली पाने गेली याचे मला आता वाईट वाटत नाही.

साहित्याचा आढावा हा भाग ग्रंथपाल बाईंनी घेतला, आणि तो ऐकण्यासाठीच पुन्हा एकदा शुल्क भरावे असे मला वाटले. आपल्याकडे आढावा म्हणजे ‘अमुक यांनी अमुक साली अमुक विषयावर संशोधन केले, त्यांचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे’ अशा परिच्छेदांची रांग असते. बाईंनी ती रांग मोडून मुद्द्यांवरून आढावा लिहायला लावला. एका मुद्द्याबाबत कोण काय म्हणतो, कुठे एकमत आहे, कुठे मतभेद आहे, कोणता प्रदेश किंवा कोणता काळ अजून कोणी पाहिलेला नाही, आणि म्हणून माझा प्रश्न कुठे उभा राहतो. त्यासाठी त्यांनी एका मोठ्या तक्त्यात प्रत्येक वाचलेल्या प्रबंधाची एक ओळ आणि प्रत्येक मुद्द्याचा एक रकाना करून घेतला. ओळीने वाचन होते आणि रकान्याने लेखन होते, हे त्यांचे सांगणे आमच्यापैकी बहुतेकांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडारात भारतीय विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात हे बहुतेकांना माहीत होते. शोध घेताना मात्र ‘खान्देश’, ‘खानदेश’ आणि रोमन लिपीतली त्याची तीन-चार रूपे स्वतंत्रपणे टाकून पाहावी लागतात, हे कोणी सांगितले नव्हते. बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी खान्देशावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. १८८० सालच्या गॅझेटिअरमधला खान्देश हा एकच जिल्हा आहे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेतला ‘धुळे’ आणि २०११ च्या जनगणनेतला ‘धुळे’ हे दोन वेगळे प्रदेश आहेत. त्यांचे आकडे शेजारी ठेवून लोकसंख्या घटली किंवा वाढली असे लिहिले तर संपूर्ण प्रकरण चुकते. तालुक्यांचे आकडे घेऊन बेरीज जुळवायची आणि ती कशी जुळवली हे तळटिपेत सांगायचे, हा उपाय त्यांनी तिथल्या तिथे करून दाखवला. माझ्यासाठी त्यांनी जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या ब्रिटिशकालीन भारतीय भाषिक सर्वेक्षणाचा दाखला काढला. त्यात खान्देशी बोली, म्हणजेच अहिराणी, मराठीच्या खंडात न ठेवता भिली भाषांबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात ठेवलेली आहे. अहिराणीला मराठीची बोली म्हणणे किंवा न म्हणणे ही माझ्या प्रबंधात गृहीत धरण्याची बाब राहिलेली नाही, ती भूमिका घेऊन मांडावी लागेल, हे मला त्या दिवशी कळले. धुळ्यातच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आणि जुन्या हस्तलिखितांचा संग्रह असलेले श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर असताना आपण मूळ कागद पाहण्याआधी छापील उताऱ्यांवर का थांबतो, असे त्यांनी कळकळीने विचारले, आणि वर्गातले काही जण दुसऱ्याच आठवड्यात तिकडे जाऊन आले.

पद्धतीचे प्रकरण असे लिहावे की अनोळखी माणसाला तेच काम पुन्हा करता आले पाहिजे. हे सूत्र सर्वच पुस्तकांत असते, पण वर्गात ते प्रत्येकाच्या कामावर लावून पाहिले गेले. केळीवाल्या मुलाकडे बाराशे शेतकऱ्यांची यादी होती. नमुन्याचा आकार काढण्याच्या यामाने यांच्या सूत्राने, पाच टक्के चूक धरून, नमुना तीनशेचा निघतो, हे गणित फळ्यावर झाले. लगेच सरांनी पुढचा प्रश्न केला, की हे तीनशे जण तुम्ही यादीतून चिठ्ठी काढून निवडणार की बाजार समितीत भेटतील ते घेणार? भेटतील ते घेतले तर तो सोयीचा नमुना झाला, आणि मग सूत्राने काढलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. सोयीचा नमुना घेण्यास हरकत नाही, पण तसे स्पष्ट लिहावे आणि निष्कर्षही तेवढ्यापुरतेच ठेवावेत. धडगाव परिसरातील आश्रमशाळांवर काम करणाऱ्या शिक्षिकेची प्रश्नावली प्रमाण मराठीत होती आणि तिचे विद्यार्थी घरी पावरी बोलतात. आधी दहा-पंधरा मुलांवर ती प्रश्नावली चालवून पाहा, कोणता शब्द कळत नाही ते टिपा आणि मगच अंतिम प्रत छापा, हा सल्ला तिला मिळाला. चाचणीत काय बदलले हेही प्रकरणात लिहायला सांगितले.

माझ्या बाबतीत प्रश्न लिप्यंतराचा होता. अहिराणीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, डोळ्याचा डोया होतो आणि काळ्याचा काया. माझ्या पहिल्या मसुद्यात टंकलेखन करणाऱ्याने, ते केंद्र कोणते हे महत्त्वाचे नाही, अशी कित्येक रूपे ‘शुद्ध’ करून टाकली होती आणि माझ्याही नजरेतून ती सुटली होती. गायिका जे म्हणाली ते छापील पानावर नव्हते. वर्गातल्या मांडणीकारांनी लिप्यंतराचे नियम एका पानात लिहून ते परिशिष्टात द्यायला सांगितले, प्रत्येक गीताला क्रमांक द्यायला लावला आणि त्याखाली गाव, तारीख, गायिकेचे अंदाजे वय आणि ध्वनिमुद्रणाचा क्रमांक अशी एक ओळ ठेवायला सांगितली. गायिकांची संमती घेणे आणि त्यांची नावे छापायची की नाही हे त्यांनाच विचारणे, यावर सरांनी अर्धा तास दिला. तो वेळ मला अगदी योग्य वाटला.

चौथ्या रविवारी प्रत्यक्ष लेखन झाले. सरांचा पहिला नियम असा की प्रबंध ज्या क्रमाने वाचला जातो त्या क्रमाने लिहू नये. आधी पद्धतीचे प्रकरण लिहावे, कारण काय केले हे आपल्याला पक्के माहीत असते. मग विश्लेषण, मग साहित्याच्या आढाव्याची दुरुस्ती, त्यानंतर निष्कर्ष, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी, जेव्हा आपण कशाची प्रस्तावना करत आहोत हे कळलेले असते. सारांश त्याहून शेवटी. दुसरा नियम परिच्छेदाचा. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य एक विधान असावे, पुढे त्याचा पुरावा आणि पुढे त्या पुराव्याचा अर्थ. नुसती पहिली वाक्ये सलग वाचली तर प्रकरणाचा युक्तिवाद कळला पाहिजे. माझ्या प्रकरणाची पहिली वाक्ये मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली तेव्हा ‘खान्देश ही सांस्कृतिकदृष्ट्या अत्यंत समृद्ध भूमी असून येथील लोकगीतांना फार मोठी परंपरा लाभलेली आहे’ अशा चार वाक्यांनंतर मीच थांबले. त्या वाक्यात ‘खान्देश’ऐवजी ‘कोकण’ घातले तरी ते तसेच राहते, म्हणजे ते माझ्या सामग्रीतून आलेले नाही. दुपारी तोच परिच्छेद मी असा सुरू केला: ‘मी नोंदवलेल्या हळदीच्या गीतांत मामाला उद्देशून असलेली कडवी ज्येष्ठ गायिकांकडे अधिक आढळतात.’ पुढे गीतांचे क्रमांक दिले, एक कडवे उद्धृत केले आणि मग तरुण गायिकांनी त्या जागी काय म्हटले ते मांडले. सरांनी ते वाचून फक्त मान हलवली, पण मला दीड वर्षात प्रथमच वाटले की आपण प्रबंध लिहीत आहोत.

सारण्यांविषयीचा एक सल्ला वाणिज्य आणि शिक्षणशास्त्राच्या मंडळींना फार लागू पडणारा होता. सारणीखाली तेच आकडे शब्दांत पुन्हा लिहायचे नाहीत, सारणीत जे चटकन दिसत नाही ते सांगायचे. शिफारशी निष्कर्षांतूनच निघाव्यात, आणि प्रत्येक शिफारशीपुढे ती ज्या निष्कर्षावर उभी आहे त्याचा क्रमांक घालावा. ‘शासनाने याकडे लक्ष द्यावे’ हे वाक्य तसे केल्यावर आपोआप गळते.

पाचवा रविवार संदर्भ आणि वाङ्मयचौर्य यांचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर ठरवून दिलेल्या, जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान एक वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही, आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश या मोजणीत धरले जात नाहीत. दहा टक्के म्हणजे तेवढी नक्कल करण्याची मुभा, असा समज किती खोलवर आहे हे वर्गातल्या प्रश्नांवरूनच दिसले. सरांनी ठामपणे सांगितले की संदर्भ न देता घेतलेले एक वाक्यसुद्धा चोरीच आहे, आणि इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणून यंत्राच्या नजरेतून सुटला तरी तो चोरीचाच राहतो. या ओघात त्यांनी तयार प्रकरणे विकणाऱ्यांविषयीही सांगितले. मला स्वतःला एका शहरातील टंकलेखनाच्या दुकानात ‘मॅडम, दुसरे प्रकरण आमच्याकडे तयार आहे’ असे ऐकावे लागले होते. ते मी वर्गात बोलून दाखवले तेव्हा आणखी पाच जणांनी तोच अनुभव सांगितला, आणि त्या दिवशी मला खरोखर दुःख झाले. अलीकडे संभाषण करणारी संगणकीय साधने वापरून संदर्भ मागवले जातात. त्यांतले काही संदर्भ अस्तित्वातच नसतात, म्हणून जो ग्रंथ हातात घेतला नाही त्याचे नाव सूचीत घालू नये, असे बाईंनी बजावले.

मांडणीकारांचा तासही याच दिवशी होता आणि तो अपेक्षेहून मोलाचा ठरला. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टंकलेखन करा, असे त्यांनी बजावून सांगितले. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडतो, साम्य तपासणाऱ्या प्रणालीला तो वाचता येत नाही आणि प्रबंध भांडारात चढला तरी शोधात सापडत नाही. रूपांतर करताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, मग तीनशे पाने डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. झोटेरो हे विनामूल्य साधन संदर्भ सांभाळण्यासाठी त्यांनी बसवून दिले. मराठी ग्रंथांची सूची देवनागरी वर्णक्रमाने लावताना मात्र शेवटचा हात स्वतःच फिरवावा लागतो. बांधणीच्या बाजूला जास्त समास सोडणे, सुरुवातीच्या पानांना वेगळे क्रमांक देणे, शीर्षकांना शैली लावून अनुक्रमणिका आपोआप तयार करणे, हे सारे लहान वाटते, पण प्रबंध सादर करण्याच्या आधीचा आठवडा यातच जातो.

आता उणिवा. संख्याशास्त्राला एकच दुपार दिली गेली आणि ती अपुरी होती. काय-वर्ग कसोटी आणि टी-कसोटी यांतला फरक ज्यांना आधी माहीत होता त्यांनाच तो तास कळला, आणि केळीवाला मुलगा त्या दिवशी गोंधळलेला घरी गेला. विज्ञान शाखेचे तिघे जण होते, त्यांना प्रकरणरचनेपलीकडे फारसे मिळाले नाही. बावीस ही संख्या लेखन तपासण्यासाठी जास्त आहे. सरांनी प्रत्येकाची पाने मनापासून वाचली, पण एकदाच वाचता आली, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा दाखवण्याची सोय नाही. माझ्या मते पंधरा जण आणि आणखी दोन रविवार, शुल्क वाढले तरी चालेल, असे करावे. शेवटच्या रविवारी मौखिकीचा, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेचा, सराव होता. तो चांगला झाला, तरी नियमांची माहिती देण्यात त्यातला बराच वेळ गेला. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीने मिळणारी दोन वर्षे, महिला संशोधकांना त्यापुढे असलेली आणखी दोन वर्षांची सवलत, हे आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी.विषयक विनियमांतले मुद्दे छापील कागदावर देता आले असते आणि तो वेळ सरावाला मिळाला असता.

ज्यांनी अजून काहीच वाचलेले नाही त्यांनी या वर्गाला घाई करू नये. त्यांना तक्त्यात भरायला काही नसेल. ज्यांचा मसुदा तयार आहे आणि फक्त छपाई उरली आहे त्यांना पाचवा रविवार सोडला तर फार काही मिळणार नाही, उलट सगळे पुन्हा लिहावेसे वाटेल आणि मुदत जवळ असेल तर त्रास होईल. थोडी सामग्री गोळा झाली आहे, थोडे लिहून झाले आहे आणि कुठे अडले ते कळत नाही, अशा अवस्थेतल्या संशोधकासाठी हा वर्ग आहे, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या तिन्ही जिल्ह्यांत असे बरेच जण असतील असे मला वाटते. मार्गदर्शकांशी आधी बोलून, त्यांची संमती घेऊन यावे. वर्गात ठरलेला बदल त्यांना मान्य नसेल तर विद्यार्थ्याची दोन्हीकडून ओढाताण होते. आमच्यातल्या एकीचे तसे झाले.

पुढची तुकडी दिवाळीच्या सुटीनंतर सुरू होणार आहे. येताना स्वतः लिहिलेली दहा पाने, वाचलेल्या संदर्भांची यादी आणि मजकूर युनिकोडमध्ये असलेला लॅपटॉप आणावा. लॅपटॉप नसेल तर तक्ता मोठ्या कागदावर करता येतो, त्याची सोय तिथे आहे. चोपडा, यावल, शहादा अशा दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ आधीच सांगून ठेवावी, म्हणजे सर त्यांची पाने दुपारी आधी घेतात.